टकटक ऐकून कलिंगड ओळखणारं मॉडेल: लॅपटॉपवर पास, पॅकहाऊसमध्ये नापास

प्रकरण असं आहे की तीन सॉफ्टवेअरवाले, एक फळांचं पॅकहाऊस (तोडलेली फळं निवडून पॅक करायची जागा) आणि एक मोबाईल ॲप. कलिंगडावर बोटाने टकटक करायची, फोनने आवाज रेकॉर्ड करायचा आणि मॉडेलने सांगायचं की फळ कच्चं आहे, पिकलंय की जास्त पिकून आतून भुसभुशीत झालंय. लॅपटॉपवर अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर दिसत होती, सगळे खूश. मग ते पॅकहाऊसच्या निवडीच्या लाइनवर लावलं आणि पहिल्याच दिवशी मॉडेल जवळपास प्रत्येक मोठ्या फळाला पिकलेलं आणि प्रत्येक लहान फळाला कच्चं म्हणायला लागलं. लाइनवरच्या लोकांनी थोडा वेळ मजा बघितली आणि फोन बाजूला ठेवून परत हाताने निवडायला लागले. त्यानंतर टीमने मला सगळा डेटा दिला आणि विचारलं की नेमकं कुठे बिनसलंय. हे त्याचंच सविस्तर लिखाण आहे, नाव-गाव सोडून.

आधी हे एवढं महत्त्वाचं का ते सांगतो. आंबा, केळी, ॲव्होकाडो ही फळं तोडल्यावरही इथिलीन या फळातूनच सुटणाऱ्या वायूच्या जोरावर पिकत राहतात, कलिंगडाचं तसं नाही, वेलावरून सुटलं की गोडी आहे तेवढीच, पुढे वाढत नाही. म्हणजे कच्चं कलिंगड चुकून पुढे गेलं तर ते शेवटपर्यंत कच्चंच. आणि वरची साल एवढी जाड की रंगावरून, वासावरून, दाबून काही कळत नाही. त्यामुळे आवाज हा मार्ग लोकांनी पिढ्यानपिढ्या वापरलाय आणि शास्त्रवाल्यांनाही तो कधीचाच सुचलेला आहे. फळाला कंप देऊन पिकलंय का बघायच्या यंत्राचं पेटंट १९४२ सालचं आहे. त्यामुळे "एआयने केलेला नवा शोध" वगैरे म्हणायची गरज नाही, नवं एवढंच की आता माईक आणि कॉम्प्युटर दोन्ही खिशात असतात.

आता टकटकीत असतं काय. फळाला टिचकी मारली की ते अख्खं थरथरतं आणि त्याच्या स्वतःच्या ठराविक फ्रिक्वेन्सीला वाजतं, म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरतं ते, हर्ट्झमध्ये मोजतात. ही फ्रिक्वेन्सी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, गर किती ताठ आहे आणि फळ केवढं आहे. पिकताना पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन मोडत जातं, पेशींमधला पाण्याचा दाबही उतरतो, गराचा ताठपणा कमी होतो आणि आवाज खाली येतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, "कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं भदभद" वगैरे. दुसऱ्या गोष्टीकडे म्हणजे आकाराकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही. मोठी घंटा आणि लहान घंटा एकाच धातूची असली तरी आवाज वेगळा येतो ना, तसंच.

याचं गणित जुनं आहे. फळ म्हणजे एक लवचिक गोळा धरला तर फ्रिक्वेन्सीचा वर्ग गुणिले वजनाचा दोन-तृतीयांश घात, हा आकडा गराच्या ताठपणाच्या प्रमाणात असतो, घनतेचा थोडासा परिणाम सोडला तर. कुक आणि रँड या संशोधकांनी १९७३ मध्ये गोलाकार फळाच्या कंपनांचं गणित मांडलं तेव्हापासून हा निर्देशांक या क्षेत्रात रुळलेला आहे. याचा सरळ अर्थ असा की गर अगदी सारखा असेल, पण एक फळ ४ किलोचं आणि दुसरं ८ किलोचं असेल, तर लहान फळ २०० हर्ट्झला वाजत असताना मोठं साधारण १५९ हर्ट्झला वाजणार. पिकण्यात शून्य फरक, आवाजात ४१ हर्ट्झचा. आणि पिकण्यामुळे आवाजात जो फरक पडतो तोही थोडाफार याच मापाचा असतो. म्हणजे वजन माहीत नसताना नुसत्या आवाजावरून बोलणं म्हणजे अर्धं समीकरण सोडवणं.

टीमच्या डेटात वजनाचा कॉलमच नव्हता.

बरं, तो डेटा कसा गोळा झाला होता ते बघा. पॅकहाऊसमध्ये एक अनुभवी निवडणारे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काका फळ निवडणार, टीम त्याच फळावर वेगवेगळ्या जागी बऱ्याच टकटकी मारून रेकॉर्ड करणार आणि काकांचा निकाल हेच लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवायचं बरोबर उत्तर. फळांना नंबर दिलेले होते, हे एक नशीब, कारण पुढची सगळी तपासणी त्या नंबरांवरच झाली. रेकॉर्डिंगचे स्पेक्ट्रोग्राम काढले, म्हणजे आवाजाचं वेळ-फ्रिक्वेन्सीचं चित्र, आणि चित्रं ओळखणारं एक छोटं न्यूरल नेटवर्क त्यावर शिकवलं. डेटाचे शिकवणीचा आणि परीक्षेचा असे दोन भाग केले, आणि ते केले टकटकींची सरमिसळ करून.

पहिला घोटाळा इथेच झाला. सरमिसळ केल्यामुळे एकाच फळाच्या काही टकटकी शिकवणीत आणि काही परीक्षेत गेल्या. एकाच फळाच्या टकटकी एकमेकींसारख्या असणारच, तेच वजन, तीच साल, तीच खोली, तोच फोन. मॉडेलला पिकणं कळायची गरजच नाही, "हे अमुक नंबरचं फळ" एवढं ओळखलं की लेबल आठवलं. मी फक्त एवढं केलं की एका फळाच्या सगळ्या टकटकी एकतर शिकवणीत नाहीतर परीक्षेत, दोन्हीकडे नाही. मॉडेल तेच, डेटा तोच, आणि अचूकता धाडकन खाली आली. टीममधला एकजण म्हणाला, "पण मॉडेल तर बदललंच नाही." नाहीच बदललं, आधी मोजलेलं वेगळंच काहीतरी होतं. ही चूक इतकी कॉमन आहे की आवाजावर किंवा फोटोवर चालणाऱ्या कुठल्याही फळाच्या प्रोजेक्टमध्ये अचूकतेचा आकडा दिसला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, डेटा फळावरून तोडलाय की रेकॉर्डिंगवरून.

खाली आला तरी आकडा नुसत्या अंदाजापेक्षा बरा होता, म्हणजे मॉडेल काहीतरी पकडत होतं. काय पकडत होतं हे शोधायला दोन अगदी साध्या चाचण्या केल्या. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये टकटकीच्या आधी अर्धा-एक सेकंद काहीच नसतं, तो तुकडा कापून घेतला आणि त्याच्यावर मॉडेल शिकवून बघितलं. फळाचा आवाजच नसलेल्या तुकड्यावरून ते कच्चं की पिकलेलं हे बऱ्यापैकी बरोबर सांगत होतं! आता यात जादू काही नाही. कच्ची म्हणून बाजूला काढलेली फळं कोल्ड रूमला लागून असलेल्या खोलीत ठेवली जायची, तिथेच त्यांचं रेकॉर्डिंग झालं, आणि भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर चालू. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर विजेच्या ५० हर्ट्झच्या पटीत येते, १००, १५०, २०० (जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १२०, १८०, २४०), आणि कलिंगडाचा मुख्य सूर नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणजे मॉडेल कॉम्प्रेसर ऐकून फळ कच्चं म्हणत होतं. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, सोपा इशारा समोर असताना अवघड इशारा कोण शोधणार.

दुसरी चाचणी वजनाची. पॅकहाऊसच्या वजनकाट्याच्या नोंदी होत्या, त्या फळांच्या नंबरांशी जुळवल्या आणि आवाज पूर्ण टाकून देऊन फक्त वजनावरून लेबल ओळखायचा प्रयत्न केला, कच्चं आहे का याचा एक साधा कट-ऑफ, या वजनाच्या वर पिकलेलं, खाली कच्चं. निकाल न्यूरल नेटवर्कच्या जवळपास तेवढाच! कारण गोळा केलेल्या कच्च्या फळांमध्ये लहान फळं जास्त होती. त्यात लहान फळ उंच सुरात वाजतं, कच्चंही उंच सुरात वाजतं, दोन्ही एकाच दिशेने ओढतात, मॉडेलला त्यांच्यात फरक करायचं काही कारणच मिळालं नाही. लाइनवर मात्र सगळ्या आकारांची, सगळ्या अवस्थांची फळं मिसळून येतात, तिथे हे उघडं पडलं.

मग मी काकांच्या शेजारी उभं राहून त्यांचं काम बघितलं आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला खरा भाग हा आहे. काका टकटक सगळ्यात शेवटी करतात. आधी फळ दोन्ही हातांनी उचलतात, किंचित झुलवतात, मग फिरवून जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग बघतात, तो पांढरट आहे की लोण्यासारखा पिवळा, आणि त्यानंतर एकदा-दोनदा वाजवतात. म्हणजे आवाज ऐकायच्या आधीच वजन आणि आकार त्यांच्या हाताला कळलेला असतो आणि "एवढ्या फळाचा आवाज एवढा असायला हवा" हे डोक्यात असतं. आम्ही त्यांना हेडफोनवर नुसती रेकॉर्डिंग ऐकवली तेव्हा ते वैतागले, म्हणाले, "अहो, आधी फळ हातात तर द्या." टीमने काकांच्या निवडीतली फक्त शेवटची पायरी रेकॉर्ड केली होती आणि लेबल मात्र पूर्ण निवडीचं लावलं होतं. कुक-रँडच्या समीकरणात वजन आहे, काकांच्या पद्धतीतही वजन आहे, फक्त ॲपमध्येच नव्हतं.

फोनचाही एक वेगळा लोचा होता, तो थोडक्यात सांगतो. फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बसवलेला असतो, बोलणं सोडून बाकी सगळं त्याच्या दृष्टीने गोंगाट. त्यामुळे साध्या रेकॉर्डिंगमध्ये गोंगाट कमी करणारी प्रक्रिया टकटकीची शेपटी खाऊन टाकते, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी प्रक्रिया पहिली टकटक मोठी आणि पुढची बारीक करते, आणि खालच्या फ्रिक्वेन्सी बऱ्याच फोनवर कापल्या जातात, जिथे नेमकं आपलं फळ वाजत असतं. अँड्रॉइडवर ७.० पासून प्रक्रिया न केलेला आवाज मागायची सोय आहे, आयफोनवर मोजमापाचा वेगळा मोड आहे, पण ते मुद्दाम मागावं लागतं आणि अँड्रॉइडचा प्रत्येक फोन ते देतोच असं नाही. दोन कंपन्यांच्या फोनवर एकाच टकटकीचे स्पेक्ट्रोग्राम शेजारी ठेवले तर वाटतं दोन वेगळी फळं आहेत.

नंतर जे बसवलं त्यात मशीन लर्निंग कमी आणि सुतारकाम जास्त आहे, हे मी मुद्दाम सांगतोय कारण टीमचा कल आणखी मोठं नेटवर्क लावण्याकडे होता. फळ फोमच्या रिंगवर ठेवायचं, कारण कडक टेबलावर ठेवलं की टेबलही सोबत वाजतं आणि फळाला मोकळं थरथरता येत नाही. बोटाऐवजी ठराविक उंचीवरून सुटणारा छोटा हातोडा, रबरी टोकाचा, कारण टोक कडक असेल तर ठोका फार थोडा वेळ टिकतो आणि ताकद वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये वाया जाते. ठोका फळाच्या मध्यावर, देठाकडे नाही, आणि लांबट फळ असेल तर दोन दिशांनी, कारण लांबट फळाला एकच सूर नसतो, लांबीच्या दिशेचा वेगळा आणि रुंदीचा वेगळा. फोनऐवजी फळाला चिकटून बसणारा साधा पिझो सेन्सर (थरथर थेट विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चकती), त्यामुळे हवेतून येणारा कॉम्प्रेसरचा आवाज बराच बाहेर राहिला. खाली वजनकाटा. आणि रेकॉर्डिंग पुरेसं लांब ठेवायचं, हे फार लोक विसरतात. ०.१ सेकंदाच्या तुकड्यावर एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) केलं तर फ्रिक्वेन्सी १०-१० हर्ट्झच्या पायऱ्यांनीच कळते, तुकड्याच्या शेवटी नुसती शून्यं जोडून तो लांबवला तर ग्राफ गुळगुळीत दिसतो पण नवीन माहिती काही येत नाही. आपल्याला दोन फळांमधला १५-२० हर्ट्झचा फरक बघायचाय, मग पायरी १० ची ठेवून कसं चालेल. अर्थात फळाचा आवाजही चटकन विरतो, त्यामुळे नुसतं रेकॉर्डिंग लांबवून सगळंच सुटत नाही, म्हणून एका ठोक्यावर भरवसा न ठेवता काही ठोक्यांचा मधला आकडा घेतात.

त्यातून तीन-चार आकडे काढायचे, मुख्य सूर, वजन लावून काढलेला ताठपणाचा निर्देशांक, आवाज किती लवकर विरतो आणि दोन दिशांच्या सुरांमधला फरक. बस. यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे मोजक्या आकड्यांवरून हो की नाही याची शक्यता काढणारं जुनं, सोपं मॉडेल. टीमने आधी एमएफसीसीही (आवाजाचा थोडक्यात सारांश देणारे आकडे) लावून बघितले होते, पण ते माणसाच्या बोलण्यासाठी आणि कानाच्या मापाने बनवलेलं प्रकरण आहे, १०० ते २५० हर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यातला बारीक फरक त्यात पुसला जातो. मोजकी फळं, मोजके आकडे आणि मागे गणिताचा आधार असेल तर साधं मॉडेल चालतं, शिवाय चुकलं तर का चुकलं हे बघता येतं.

राहिलं लेबल. यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा होता. "पिकलेलं" म्हणजे काय? मालकाच्या डोक्यात गोडी होती, काकांच्या डोक्यात गराची अवस्था, आणि टीमच्या डोक्यात काका जे म्हणतील ते. गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे, रसाचा थेंब टाकला की ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं (मुख्यतः साखरेचं) प्रमाण, कळतं, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या दर्जांमध्ये कलिंगडाच्या रसात विद्राव्य घन पदार्थ किमान ८ टक्के असतील तर आतला दर्जा चांगला आणि १० टक्के असतील तर खूप चांगला धरतात. पण त्यासाठी फळ कापावं लागतं. घट्टपणा मोजायला दांडा घुसवून ताकद बघायचं यंत्र आहे, मॅग्नेस आणि टेलर या संशोधकांचं १९२५ पासूनचं, त्यातही फळ गेलंच. मग ठरवून काही फळं कापली, मध्यातून रस घेतला (सालीजवळचा गर नेहमी कमी गोड असतो, तिथला घेतला तर सगळं बिघडतं), गर दाबून बघितला, आत पोकळी आहे का ते लिहून ठेवलं आणि हे आकडे आवाजाच्या आकड्यांशेजारी मांडले.

जे दिसलं ते मला अपेक्षित होतं, मालकाला नव्हतं. ताठपणाचा निर्देशांक गराच्या घट्टपणाशी छान जुळत होता. पूर्ण कच्ची फळं एका टोकाला, भुसभुशीत झालेली दुसऱ्या टोकाला. ज्यांच्या गराला मध्ये फट पडून पोकळी झालीय अशी फळं तर वेगळीच उठून दिसत होती, वजनाच्या मानाने सूर खूप खाली आणि विरणंही वेगळं. पण मधल्या पट्ट्यात, म्हणजे जी सगळी फळं काका पिकलेली म्हणतात त्यांच्यात, कुठलं जास्त गोड आणि कुठलं कमी हे आवाजावरून सांगता येत नव्हतं. येणार कसं? साखर विरघळल्याने गराचा ताठपणा ठरत नाही. गोडी आणि घट्टपणा वेलावर असताना साधारण बरोबरीने बदलतात म्हणून दोघांचा संबंध दिसतो, पण पाऊस, पाणी, ऊन यांनी गोडी खाली-वर झाली तर आवाजाला त्याची खबर नसते. गोडीसाठी मोठ्या लाइनवर इन्फ्रारेड प्रकाश वापरतात, तोही कलिंगडाच्या जाड सालीतून आरपार न्यायला कठीणच जातो.

मालक थोडे नाराज झाले. त्यांना प्रत्येक फळावर "गोड" असा स्टिकर लावायचा होता. मी सरळ सांगितलं की या मशीनच्या जिवावर तो स्टिकर लावू नका. त्याऐवजी मशीनला दोनच गोष्टी विचारायच्या ठरल्या, हे फळ नक्की कच्चं आहे का आणि हे आतून पोकळ किंवा भुसभुशीत आहे का. दोन्हींचं उत्तर ठाम "नाही" असं आलं तर फळ पुढे, एकाचं जरी ठाम "हो" आलं तर बाहेर, आणि मॉडेलची खात्री कमी असेल तर ते फळ काकांकडे. काकांना हे आवडलं, कारण दिवसभर प्रत्येक फळ उचलण्याऐवजी आता शंकेची तेवढीच त्यांच्याकडे येतात. ग्राहकांसाठीचं ॲप मात्र रद्द झालं, फोनमध्ये वजनकाटा नाही आणि दुकानात उभं राहून कोणी फोमची रिंग काढून बसणार नाही.

जाता जाता, टीमला आता हेच आंब्यावर आणि ॲव्होकाडोवर करायचंय आणि मला तिथे आशा जास्त वाटते. ही फळं तोडल्यावर पिकतात, म्हणजे तेच फळ रोज वाजवता येतं. तेच फळ असल्याने वजन थोडंसंच घटतं, आकार तोच, साल तीच, त्यामुळे "काल किती होता आणि आज किती" हा फरक जवळजवळ पूर्ण गर मऊ होण्याचाच असतो. एका फळाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. फक्त तापमान सांभाळावं लागेल, थंड खोलीतून नुकतंच काढलेलं फळ आणि बाहेर तासभर ठेवलेलं फळ एकसारखं वाजत नाही.

कलिंगडाच्या लाइनवर आता एकच मोठी कटकट उरलीय, जात बदलली की आकडे हलतात. सालीची जाडी वेगळी, बिनबियांच्या फळाचा गर वेगळा, गोल आणि लांबट यांचं गणित वेगळं. त्यामुळे नवी जात आली की पहिल्या लॉटमधली काही फळं, लहान-मोठी मिसळून, वाजवून मग कापायची, आणि कट-ऑफ नव्याने बसवायचे. मालकांना ती कापलेली फळं वाया गेल्यासारखी वाटतात, पण गेल्या खेपेला एका नव्या जातीसाठी हे टाळलं तेव्हा मशीनने अर्धा ट्रक शंकेचा म्हणून काकांकडे पाठवला होता, त्यानंतर कापायला कोणी नाही म्हणत नाही.